जमिनीचा कागद आणि घराचा कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करण्याबद्दलची बातमी आपल्या अंकात वाचली आणि पत्र लिहायला बसलो. मी या जिल्ह्यात ३३ वर्षं महसूल खात्यात होतो, आधी तलाठी आणि शेवटी मंडल अधिकारी. मूळ गाव कागल तालुक्यातलं. बातमीत पानं स्कॅन झाल्याचं होतं, ती पानं पुढं वाचायची कुणी आणि कशासाठी, हे नव्हतं. मला त्याबद्दलच सांगायचं आहे. पण आधी आयर्लंडमधल्या एका वाडीची हकिकत सांगतो.

माझा मुलगा नोकरीनिमित्त आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात असतो. मागच्या उन्हाळ्यात मी आणि सौ. तीन महिने त्याच्याकडं राहिलो. त्यानं भाड्यानं घेतलेलं घर शहराबाहेर, शेतांच्या मधोमध आहे. तिथं गावाखालचा सगळ्यांत लहान महसुली तुकडा म्हणजे 'टाउनलँड'. नावात टाउन असलं तरी शहराशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या एखाद्या वाडीचं शिवार म्हणा. अख्ख्या बेटावर असे ६०,००० हून जास्त तुकडे आहेत, त्यांच्या हद्दी ओढ्यावरून, बांधावरून गेलेल्या, आणि नावं जुन्या आयरिश भाषेतली. पुष्कळ नावं 'बॅली'नं सुरू होतात. बॅली म्हणजे वस्ती. आपल्याकडं वाडी शेवटी येते, त्यांच्याकडं आधी.

शेजारी एक वयस्कर शेतकरी होते, तीसेक एकर गवताचं रान आणि गुरं. मी तलाठी होतो हे मुलानं त्यांना समजावून सांगितलं तसे ते घरात गेले आणि एक मोठा कागद घेऊन आले. इंग्रजी मला बेताचंच येतं. पण तो कागद मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. पहिल्या रकान्यात नकाशावरचा नंबर, मग कब्जेदाराचं नाव, मग त्यानं जमीन ज्याच्याकडून धरली त्याचं नाव, मग मिळकतीचं वर्णन, क्षेत्र आणि शेवटी आकार, म्हणजे करासाठी ठरवलेली रक्कम. हे आपलंच दप्तर की हो! १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ या अधिकाऱ्याच्या हाताखाली सगळ्या आयर्लंडची अशी आकारणी झाली आणि ती छापून काढली. शेजाऱ्यांच्या खापरपणजोबांचं नाव त्यात कब्जेदार म्हणून होतं. ज्याच्याकडून जमीन धरली त्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकाच लॉर्डचं नाव. सगळी वाडी त्याची कुळं.

क्षेत्र एकर, रूड आणि पर्च असं लिहिलेलं. चाळीस पर्चचा एक रूड, चार रूडांचा एकर. मी तिथंच पेन्सिल घेऊन हिशेब केला. एकराचे १६० पर्च आणि एकराचे ४० गुंठे, म्हणजे बरोबर चार पर्चचा आपला एक गुंठा, १०८९ चौरस फूट, वर ना खाली. मग सगळ्या वाडीचं क्षेत्र मी गुंठ्यांत करून काढलं आणि कुणाचं पोट कशावर चालत असेल ते डोळ्यांपुढं उभं राहिलं. वर्णनाच्या रकान्यात जागोजागी 'घर, ऑफिस व जमीन' असं होतं. दोन एकरवाल्या कुळाला ऑफिस कसलं, हे कळेना. शेजाऱ्यांनी सांगितलं, ऑफिस म्हणजे गोठा, खोपट.

या गुंठ्यांच्या हिशेबामुळंच एक गोष्ट मनाला फार लागली. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. ऐन दुष्काळात, १८४७ साली कायद्यात एक कलम घातलं गेलं, की पाव एकरापेक्षा जास्त जमीन धरणाऱ्या कुटुंबाला सरकारी मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. अकरा गुंठ्यांच्या कुळानं जगायचं असेल तर जमीन सोडायची, आणि पुष्कळदा जमिनीबरोबर घरही जायचं. ग्रिफिथच्या वहीत पानांवर जी मोकळी रानं दिसतात, त्यातल्या कित्येकांवर दहा वर्षांपूर्वी चुली पेटत होत्या. मी जन्मभर जमिनीची मापं लिहिली, पण दहा गुंठ्यांत एवढं सामावू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

पुढची गोष्ट आपल्या कूळकायद्याच्या वळणानं जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. १८७९ मध्ये मेयोतूनच चळवळ उठली, मायकेल डेव्हिट हा तिथल्याच बेदखल कुळाचा मुलगा. पुढच्याच वर्षी खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, वसूल करणाऱ्या एका कारभाऱ्याला लोकांनी असं वाळीत टाकलं, की मजूर, दुकानदार, टपालवाला कुणीच त्याच्याकडं फिरकेना. त्याचं आडनाव बॉयकॉट. हा शब्द आपण आज मराठीतही वापरतो. १८८१ च्या कायद्यानं कुळाला वाजवी खंड आणि कब्जाची शाश्वती दिली, १९०३ च्या कायद्यानं सरकारनं पैसा पुढं करून जमीन कुळाला विकत घेऊन दिली, हप्ते साडेअडुसष्ट वर्षांचे. शेजाऱ्यांच्या वडिलांनीही ते हप्ते भरले. आपल्याकडं १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि माझे आजोबा कूळ होते ते जमिनीचे मालक झाले. त्या मालकीचं, ३२ म चं प्रमाणपत्र आमच्या ट्रंकेत अजून आहे. आमचे इनामदार कोल्हापुरात राहत, पण ते भाषेनं, धर्मानं आमचेच होते. तिकडं जमीन ती जिंकून घेणाऱ्या परक्यांची होती. हा फरक लहान नाही.

पण हे पत्र कुळांबद्दल नाही. शेजाऱ्यांनी नंतर फोनवर जो दुसरा कागद दाखवला, त्याबद्दल आहे.

तो १९११ च्या जनगणनेचा अर्ज होता. घरागणिक एक, कुटुंबप्रमुखानं भरलेला, पोलीस शिपायानं गोळा केलेला. १९०१ आणि १९११ चे सगळ्या देशाचे अर्ज तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारानं कुणालाही फुकट बघता येतील असे ठेवले आहेत. वाडीचं नाव घातलं की घरांची यादी येते. प्रत्येक माणसाचं नाव, वय, धंदा, लिहिता-वाचता येतं का, आयरिश बोलतो की इंग्रजी. सोबत घरांचा तक्ता : भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर स्लेटच्या फरशांचं की गवताचं, खोल्या किती, दर्शनी बाजूला खिडक्या किती. त्यावरून घराचा वर्ग. आणि एक रकाना असा, की हे घर कुणाच्या जमिनीत उभं आहे.

त्या रकान्यात शेजाऱ्यांच्या आजोबांचं नाव दोनदा होतं. एकदा त्यांच्या स्वतःच्या घरासमोर, एकदा एका मजुराच्या घरासमोर. त्या मजुराचं नाव जमिनीच्या कुठल्याच वहीत नाही, कारण त्याच्याकडं जमीनच नव्हती. पण या अर्जात तो आहे, त्याची बायको आहे, पोरं आहेत. १९११ मध्ये लग्न झालेल्या बायकांना विचारलं होतं : लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, हयात किती. त्या बाईच्या नावापुढं जन्मलेली नऊ, हयात सहा असं होतं. शेजारी मला रानाच्या कोपऱ्यात घेऊन गेले. गुडघ्याएवढ्या दगडी भिंती, आत चिडवणीसारखं अंगाला झोंबणारं गवत. पोरं अमेरिकेला गेली, पुन्हा कुणी आलं नाही. ट्रॅक्टर फिरवायला अडचण होते, पण त्यांच्या वडिलांनी त्या भिंती पाडल्या नाहीत आणि त्यांनीही नाहीत. त्या बाईचं नाव त्यांना तोंडपाठ होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढं आमचं परडं येत राहिलं.

आमच्या परड्याच्या पलीकडं, बांधाला लागून एक छप्पर होतं. तिथं राहणारी बाई आमच्या रानात भांगलायला यायची. आई दवाखान्यात होती तेव्हा तिनं मला दोन महिने सांभाळलं. तिला आम्ही मावशी म्हणायचो. तिची दोन पोरं लहानपणीच गेली, हे मी ऐकून होतो. गावी परतल्यावर मी तिचा कागद शोधायला लागलो. सातबाऱ्यावर ती असणारच नव्हती. कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये, तिच्या मुलांच्या नोंदी सापडल्या. त्यात बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी एवढंच. आईचं नाव नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, घरपट्टीच्या वहीत, ते छप्पर आहे, 'माती, गवती छप्पर' असं वर्णनही आहे, पण नाव नवऱ्याचं. तो तिच्या आधी वीस वर्षं वारला होता तरी त्याचंच. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिचा वाचलेला मुलगा सापडला, तिथंही बापच. तिचं नाव मला ठाऊक आहे, कागदाला ठाऊक नाही.

आणि दप्तरात आलेल्या बायकांचं काय? माझ्या दोन आत्यांची नावं फेरफाराच्या वहीत एकदाच आली, हक्कसोड देताना. खाली अंगठे. नोकरीत असताना मी स्वतः असे कितीतरी फेरफार लिहिले आणि मंडल अधिकारी झाल्यावर प्रमाणित केले. नियमानं बरोबर होते. पण बहिणीचं नाव दप्तरात फक्त ते काढून टाकण्यासाठी यावं, याचं मला आज फार वाईट वाटतं.

आयर्लंडचं सगळं शाबूत राहिलं असंही नाही. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक अर्ज ३० जून १९२२ ला डब्लिनच्या लढाईत अभिलेखागाराबरोबर जळाले. नंतरच्या चार जनगणनांचे अर्ज सरकारनंच नष्ट केले. जे उरलं ते मात्र त्यांनी उघडं केलं, नावागणिक शोधता येईल असं केलं, आणि जमिनीची वही व घराचा अर्ज शेजारीशेजारी ठेवून वाडीवाडीचे लोक आपला इतिहास लावत बसले आहेत. आपल्याकडं जनगणनेचे घरागणिक तक्ते १९४८ च्या कायद्यानं कुणालाच बघता येत नाहीत, त्यामुळं ती वाट बंद आहे. पण कोतवाल बुक, नमुना ८, शाळेचं रजिस्टर आणि हक्कपत्रक, म्हणजे फेरफाराची वही, ही चार दप्तरं गावोगाव आहेत. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये वंशपरंपरेचं कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हापासून दप्तर एका घराचं न राहता गावाचं झालं. ते गावानं वाचावं एवढंच माझं म्हणणं आहे.

अलीकडं कुणबी नोंदी शोधायला हीच कोतवाल बुकं बाहेर काढली गेली. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, दप्तरं बांधलेले रुमाल सुटले. हवी ती नोंद मिळाली की रुमाल पुन्हा बांधले गेले. २०१९ च्या महापुरानंतर एका कार्यालयाच्या गच्चीवर वाळत घातलेली दप्तरं मी पाहिली आहेत. पानाला पान चिकटलेलं, शाई पसरलेली. एक वही मी उघडायला गेलो तर तिचा लगदा हातात आला.

म्हणून दोन मागण्या आहेत. स्कॅनिंग सातबारा आणि फेरफारापुरतं थांबवू नये. कोतवाल बुक आणि घरपट्टीच्या जुन्या वह्याही त्यात घ्याव्यात, कारण बिनजमिनीची माणसं तिथंच आहेत. दुसरं, जिल्ह्यातल्या कॉलेजांनी मोडी शिकलेली मुलं सुट्टीत एकेका गावाला द्यावीत. कूळकायद्याच्या आधीचं गाव पाहिलेली माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. कोणतं घर कुणाच्या जमिनीत होतं हे त्यांना विचारूनच लिहावं लागेल, आपल्या कुठल्याच वहीत तो रकाना नाही.

माझ्या गावापुरतं मी काम सुरू केलं आहे. गावठाणाच्या नकाशावर १९५७ सालची घरं मांडतो आहे, आतापर्यंत एकेचाळीस झाली. प्रत्येक घरासमोर जमीन कुणाची, राहायचं कोण आणि बायकांची नावं, असे तीन रकाने केले आहेत. तिसऱ्या रकान्यासाठी दर शनिवारी सकाळी सौ. माझ्याबरोबर येते, कारण म्हाताऱ्या बायका तिच्याशी बोलतात, माझ्याशी बोलत नाहीत. मावशीचं घर नकाशावर आमच्या परड्याला लागून दाखवलं आहे आणि तिचं नाव शाईनं लिहिलं आहे.

आपला,
एक निवृत्त मंडल अधिकारी
ता. कागल, जि. कोल्हापूर