विहिरीजवळचा वेल एवढ्यात काढू नका

पुणे,
१४ सप्टेंबर

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फळांसाठीच्या गोडी छाटणीच्या आधी विहिरीजवळचा आईने लावलेला जुना द्राक्षवेल मुळासकट काढायचे बाबांनी ठरवले आहे, असे परवा दादाने फोनवर सांगितले. तेव्हा मी गप्प राहिले, कारण बाबांशी वाद घालायचा तर तो लिहूनच घातलेला बरा. समोर बसले की दुसऱ्याच वाक्याला माझी गडबड होते. तो वेल निदान या हंगामापुरता राहू द्यावा, एवढे मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बाबांचे म्हणणे चूक नाही. त्या वेलावर कधीच औषध पडत नाही, त्यामुळे पाऊस लागून राहिला की आपल्याकडे डावणीचा रोग सर्वांत आधी त्याच्या पानांवर दिसतो, आणि फुकट पोसलेला रोग बागेत यावा हे कोणत्याही बागायतदाराला पटणार नाही. मला मात्र डावणीवरच्या माझ्या प्रबंधासाठी नेमका तोच वेल हवा आहे. फवारलेल्या बागेतील पानावर औषधाचा अंश असतो आणि त्यावर वाढलेली डावणी म्हणजे त्या औषधातून तगलेली तेवढीच असते; शिवारात खरोखर काय काय उडते आहे, ते न फवारलेल्या पानावरच कळते.

बाबा दर खेपेला विचारतात की फवारणी न लागणारे द्राक्ष कधी काढणार, आणि मी दर खेपेला विषय बदलते. आज उत्तर देते. थॉमसन, सोनाका, शरद या आपल्या सगळ्या जाती युरोपीय द्राक्षाच्या कुळातल्या आहेत. डावणी मूळची उत्तर अमेरिकेची. तिथल्या रानवेलींनी हजारो वर्षे तिच्यासोबत काढली, पण युरोपातील वेलींशी तिची गाठ पडली ती थेट १८७८ च्या सुमारास, फ्रान्समध्ये. पानावर पाणी राहिले की तिच्या बीजाणूंतून शेपटीचे सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि पोहत पोहत पानाच्या रंध्रापर्यंत जातात. (बाबा पहाटे पान उलटून दहिवर किती आहे ते बोटाने पाहतात, ते याच कारणाने योग्य आहे, ही रंध्रे पानाच्या खालच्या बाजूलाच असतात.) रानवेलीच्या पेशीला हा पाहुणा ओळखू येतो आणि ओळखताक्षणी ती पेशी स्वतःच मरून जाते; जिवंत पेशीवाचून डावणीला अन्न मिळत नाही, म्हणून पानावर बारीक करडा ठिपका उरतो आणि रोग तिथेच थांबतो. आपल्या थॉमसनला ती ओळखच नाही. तिच्या पानावर तेलकट डाग पसरतो आणि पुढचे मी तुम्हाला काय सांगावे?

या ओळखीचा हिशेब पहिल्यांदा मांडला गेला तो जवसावर. आई, तुझ्या चटणीतल्या जवसावर! १९४० च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लॉर यांनी जवस आणि त्यावरील तांबेरा यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तपासून दाखवले की पिकातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला रोगातील एक जनुक जोडीला असते. रोगातले ते जनुक बदलले की पिकाची ओळख पुसली जाते आणि काल तगलेली जात आज पडते.

निफाडच्या संशोधन केंद्राने तांबेऱ्याला दाद न देणारे ‘त्र्यंबक’ आणि ‘तपोवन’ हे गहू काढले, मग द्राक्षाचेच घोडे कुठे अडले, असेही बाबा म्हणाले होते. गव्हाची पिढी एका हंगामात हाती येते; द्राक्षाचे रोप बियांपासून केले तर पहिला घड दिसायलाच तीन-चार वर्षे जातात. त्यातून आपल्याला हवे बिनबियांचे द्राक्ष, म्हणजे अशा वेलीला मादी म्हणून वापरायचे तर मण्यातील अर्धवट गर्भ वेळेत काढून काचेच्या नळीत जगवावा लागतो. रानवेलीकडून प्रतिकारासोबत उग्र वासाचे बारीक मणीही येतात आणि ते घालवण्यात आणखी पिढ्या जातात. फ्रान्समध्ये २०१८ साली मान्यता मिळालेल्या ‘आर्ताबान’, ‘व्होल्टिस’ अशा जातींमध्ये डावणीविरुद्धची दोन जनुके एकत्र आणली आहेत, कारण एकट्या जनुकावर विसंबलेल्या ‘बियांका’ या हंगेरीतील जातीला चुकवणारी डावणी सापडल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले होते. पण त्या जातींची द्राक्षे वाइनची; आपल्या बाजारात ती कोणी हातात धरणार नाही.

तेव्हा माझ्या प्रबंधातून जात निघणार नाही. आपल्या भागातील डावणी या परदेशी जनुकांना आताच चुकवू शकते का, एवढेच मी तपासते: निरनिराळ्या वेलींच्या पानांच्या रुपयाएवढ्या चकत्या, त्यावर बीजाणूंचे पाणी, आणि काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. उत्तर ‘होय’ आले, तर त्या जनुकांवर पुढची वीस वर्षे घालवणाऱ्याचे श्रम वाचतील. तुम्हाला हे फार थोडे वाटेल, आणि मलाही काही दिवशी वाटते. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसानंतर बाबा रात्री-अपरात्री फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत जात आणि पहाटे निळ्या हातांनी चहा घेत, ते मी शाळकरी वयात पाहिले आहे. मागच्या हंगामाच्या तुमच्या वहीत डावणीच्या फवारण्या मोजल्या, त्या २२ भरल्या. यंदा निदान ब्लोअर दादाला चालवू द्या आणि तोंडाला रुमालाऐवजी मी पाठवलेला मास्क लावा. तो खुंटीवरच आहे, हेही मला दादाकडून कळते.

वेलाचे काम आईकडे सोपवते, कारण डाग तुलाच आधी दिसतो. तेलकट डागाची आठ-दहा पाने संध्याकाळी तोडून, धुऊन, ओल्या कागदावर पालथी ठेवून डब्यात रात्रभर अंधारात राहू दे. सकाळी खालच्या बाजूला पांढरी बुरशी आली की डबा बंद करून दादाकडे दे, तो त्याच दिवशी कुरिअर करेल. डब्यावर तारीख लिही. गळलेली पाने मात्र वेलाखाली ठेवू नका, रोजच्या रोज गोळा करून खोल पुरा, म्हणजे बाबांची काळजी थोडी कमी होईल. हंगाम संपल्यावरही बाबांना तो वेल नकोच वाटला, तर तो काढायला मी स्वतः येईन आणि तेव्हा काही बोलणार नाही.

मी दसऱ्याला दोन दिवस येत आहे. जवसाची चटणी करून ठेव. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी मागितली आहे.

तुमची धाकटी