विमानप्रवासाचा वेळ भागाकाराने काढू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या प्रवास पुरवणीत लंडन-न्यूयॉर्क विमानप्रवासाची चौकट आली होती. अंतर सुमारे ५,५५० किमी, वेळ सहा तास. अंतर बरोबर आहे. वेळ मात्र ताशी ९०० किमीने सरळ भागून काढलेला दिसतो.

त्या चौकटीवर विसंबून मी वडिलांच्या इन्सुलिनच्या आणि खाण्याच्या वेळा कागदावर लिहून त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवल्या. शेवटची ओळ होती, ‘उतरल्यावर जेवण’. ती वेळ झाली तेव्हा उतरायला अजून दोन तास बाकी होते. शेजारच्या बाईंनी पर्समधली बिस्किटे काढून दिली म्हणून निभावले. चूक माझीही आहे, तिकिटावरून ताडून पाहायला हवे होते. पण छापलेल्या आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो.

लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास लागतात, परतायला सातच्या आसपास. विमाने उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते अंगावर येतात, येताना पाठीशी असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे हे वारे इतके वाढले, की एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. अंतर तेच! शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरण्याआधीच्या घिरट्या भागाकारात कुठून येणार?

लांबचा मार्ग लवकर पोहोचवतो, असेही घडते. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर हजाराहून अधिक किमीने वाढले, तरी पाठीशी वारा मिळाल्याने वेळ वाचला. उलट २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाल्यावर वळसा पडून हेलसिंकी-टोकियोचा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. शहरे मात्र होती तिथेच आहेत.

घड्याळाचा घोळ वेगळाच. लंडनहून सकाळी ११ ला निघालेले विमान न्यूयॉर्कला दुपारी २ ला उतरते. वजाबाकी केली तर तीन तास! परतताना संध्याकाळी ७ ला निघून सकाळी ७ ला पोहोचते, म्हणजे दिसायला बारा तास. दोन्ही वेळा त्या-त्या शहरातल्या असतात आणि दोन्ही घड्याळांत पाच तासांचा फरक असतो, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला कोण सांगणार?

तेव्हा विनंती अशी, की जाण्याचा आणि येण्याचा वेळ स्वतंत्र द्यावा, तो प्रत्यक्ष वेळापत्रकातून घ्यावा आणि घड्याळांतला फरक शेजारीच छापावा. लंडन-न्यूयॉर्कची चौकटही पुढच्या अंकात दुरुस्त करून द्यावी. कुणीतरी ती कापून पासपोर्टमध्ये ठेवली असेल.

आपला नियमित वाचक