स्टीअरिंग थरथरतंय म्हणालास

चि. बाळू यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. तू ट्रक घेऊन भिवंडीच्या पुढे होतास, मागून हॉर्न वाजत होते, आणि "आबा, ब्रेक मारला की स्टीअरिंग हातात थरथरतं" एवढंच नीट कानावर आलं. मला काही झोप लागली नाही. म्हणून सावकाश लिहून काढतोय. ताई फोटो काढून पाठवेल, पण गाडी बाजूला लावल्यावरच वाच.

गॅरेजवाल्याने पुढच्या चाकांचे दोन्ही ब्रेक ड्रम बदलायला सांगितलं, असंही तुटक ऐकू आलं. त्याचं बरोबरही असेल. पण चाक न उचलता त्याने ते सांगितलं, हे मला पटत नाही. पैशासाठी अडवत नाही. मी स्वतः एकदा अशीच घाई केली होती, ते पुढे सांगतो.

आधी गाडीकडूनच माहिती काढून घे. रिकामी गाडी, सपाट आणि मोकळा रस्ता बघ. साठचा वेग धर आणि ब्रेकला पाय न लावता स्टीअरिंग बोटांनी हलकं धरून बघ. तेव्हाच थरथरत असेल तर ब्रेकचा संबंध नाही. टायरला फुगा आला असेल, रिम वाकली असेल किंवा बॅलन्सिंग गेलं असेल. शांत असेल तर हलका ब्रेक दाबत वीसपर्यंत ये. स्टीअरिंग हललं तर दोष पुढच्या चाकांत. स्टीअरिंग गप्प आणि सीट, केबिन हादरते, तर मागच्या ड्रममध्ये बघायचं. वेग उतरेल तसे हिसके संथ होत गेले, तर चाकाबरोबर फिरणारी वस्तू वाकडी आहे, हे पक्कं. आणि गाडी एका बाजूला ओढते का, तेही बघ. ओढत असेल तर त्या बाजूचा ब्रेक जास्त धरतोय किंवा दुसऱ्या बाजूच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवर, सील फुटून ग्रीस आलंय.

आता मला आठवलेली गोष्ट. पंधरा दिवसांपूर्वी घोटीला पुढचं डावं चाक पंक्चर झालं होतं ना? थरथर त्याच्या आधी होती की नंतर सुरू झाली? घाईत चाक बसवताना हबवरचा, म्हणजे चाक बसतं त्या भागावरचा, गंज आणि चिखल पुसत नाहीत, आणि मशीनने एका बाजूचे नट आवळत जातात. मग ड्रम आणि चाक तिरकं बसतं. सगळ्यात आधी तेच चाक खोल, बसायची जागा तारेच्या ब्रशने साफ कर आणि नट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळ. शेवटचा दाब टॉर्क पान्यानेच दे. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपास. याला एक दमडी लागत नाही, आणि थरथर इथेच थांबली तर माझ्याएवढा आनंद कुणाला होणार नाही.

नाही थांबली तर ड्रम. कांदा भरून वाशीला जाताना तुझ्या वाटेवर कसारा घाट येतो. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत गाडी सुमारे 300 मीटर खाली येते. ताईने मला हिशेब करून दाखवला: गाडी आणि माल मिळून सोळा टन धरले आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, तर त्या एका उतारात निघणाऱ्या उष्णतेने दीडशे लिटर थंड पाणी उकळेल. ही सगळी उष्णता बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ड्रममध्ये जाते. बीड एकसारखं तापत नाही; मध्येच निळे डाग पडतात, तिथला भाग कडक होतो, बारीक तडे जातात, ड्रमचा गोल बिघडतो. पाव मिलिमीटरचा फरकसुद्धा हातापर्यंत येतो. तापलेल्या ड्रमवर पाणी मारलं तर काम आणखी बिघडतं. खाली चहाला थांबल्यावर चाकांवर पाणी मारायची काही पोरांची सवय मी पाहिली आहे. तू तसं कधी करू नकोस.

पण बाळू, नुसता ड्रम ओव्हल झाला म्हणून स्टीअरिंग एवढं नाचत नाही. ड्रम हिसका देतो, आणि कुठेतरी असलेला ढिलेपणा तो हिसका मोठा करून तुझ्या हातात देतो. किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा), हबचं बेअरिंग, टायरॉडचे एंड (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं), पाट्यांचे यू-बोल्ट, यांतलं काही ना काही सैल असतं. हे मला उशिरा कळलं. तू शाळेत होतास तेव्हा आपल्या जुन्या गाडीला असंच व्हायचं. मी एका वर्षात दोनदा ड्रम लेथवर घासून घेतले. दोन्ही वेळा महिना-दीड महिना गाडी लोण्यासारखी चालली आणि मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ड्रमला हातच लावला नाही. पुढची बाजू उचलली, टायरखाली पहार घातली आणि वर रेटली. डावं चाक खट्ट करून वर गेलं. किंगपिनच्या बुशी पार झिजल्या होत्या. तशा गाडीने मी सहा महिने घाट उतरलो होतो, आणि दोनदा तू शेजारी बसला होतास. ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून ही तपासणी स्वतः कर. सपाट जागा, इंजिन बंद, ब्रेकच्या टाकीत हवा पूर्ण, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. जॅक पुढच्या अॅक्सलखाली लाव आणि खाली घोडी (लोखंडी टेकू) ठेवल्याशिवाय हात आत घालू नकोस. चाक वर आणि खाली धरून हलव, पहारेने रेट. खेळ जाणवला तर क्लीनरला ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे. तरीही राहिला तर किंगपिन. मग डावी-उजवी बाजू धरून हलव, तिथे टायरॉडचे एंड बोलतात. हाताने चाक फिरव आणि कान दे: लायनर पूर्ण फेरीत एकसारखे घासतात की खर्र, गप्प, खर्र, गप्प असा आवाज येतो? थांबून थांबून घासलं तर ड्रम गोल नाही, किंवा तिरका बसला आहे.

आणखी एक, जे गॅरेजमध्ये सहसा कुणी करत नाही. ब्रेक चेंबरमधून, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्यातून, बाहेर येणाऱ्या दांड्यावर खडूची खूण कर, क्लीनरला ब्रेक दाबायला लाव आणि दांडा किती सरकला ते पट्टीने मोज. डावीकडे आणि उजवीकडे माप सारखं यायला हवं. एकीकडचा दांडा जास्त बाहेर येत असेल तर त्या बाजूचा स्लॅक अॅडजस्टर, म्हणजे दांड्याची ढील काढणारा भाग, ढिला आहे. मग सगळं ओझं दुसऱ्या चाकावर पडतं आणि त्याचाच ड्रम जळतो. हे न बघता नवा ड्रम घातलास तर तोही जळेल. माझ्या अंदाजाने आपल्या गाडीची अर्धी गोष्ट इथे आहे, कारण पावसाळ्यानंतर अॅडजस्टमेंट केल्याचं तू मला एकदाही बोलला नाहीस.

ड्रम घासायला टाकायची वेळ आली तर दोन्ही बाजूंचे एकाच मापाला घासून घे. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्याच्या पलीकडे जायचं नाही. तडे खोल असतील तर घासणं नकोच, नवेच घे. तेव्हा मी पैशाचा विचार करणार नाही. लायनरही दोन्हीकडचे एकदम बदल. आतली धूळ हवेने उडवू नकोस, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पूस.

घाटातलं तुला माहीत आहे, तरी बापाला राहवत नाही. ज्या गिअरने चढतोस त्याच गिअरने उतर. न्यूट्रल कधीच नाही. ब्रेक धरून ठेवू नकोस, दाबून वेग उतरव आणि सोड.

गुरुवारचा माल मी व्यापाऱ्याला फोन करून पुढे ढकलतोय, ते माझ्यावर सोड. तू परत येताना गाडी रिकामीच आण, इगतपुरीच्या अलीकडे घाई करू नकोस आणि घोटीला थांब. मी उद्या सकाळच्या एसटीने येतो. खडू आणि पट्टी माझ्या पिशवीत आहे, मोठी पहार सीटखाली आहे का ते आज बघून ठेव. आईने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायचं ठरवलंय.

तुझे,
आबा