दिवाळीनंतर नको, आत्ता ये

माथेरान,
१० सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रा,

तुझं पत्र विसर्जन झाल्यावर दोन दिवसांनी हातात पडलं. दिवाळीनंतर थंडी पडली की तुम्ही दोघं येणार, चार दिवस राहून बघणार आणि मग डोंबिवलीच्या जागेचं काय करायचं ते ठरवणार, असं लिहिलंयस. तुम्ही येणार म्हणून आम्हा दोघांना केवढा आनंद झालाय! पण राहायला यायचं की नाही हे पारखायला येणार असशील, तर दिवाळीनंतर नको. आत्ता ये, या पितृपक्षात, पाऊस आहे तोवर.

नोव्हेंबरातलं माथेरान कुणालाही आवडतं. हवा कोरडी, आकाश निरभ्र, मिनीट्रेन नेरळहून वळणं घेत वर येतेय, बाजारात चिक्की आणि चपलांची दुकानं भरलेली. कॉलेजात असताना आपण तेच बघून गेलो होतो. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मात्र इथे दुसरंच गाव असतं. नेरळ ते अमन लॉज गाडी बंद, बरीच हॉटेलं बंद, पुष्कळ घोडे खाली नेलेले. धुकं असं उतरतं की दिवसचे दिवस अंगणातलं जांभळाचं झाड दिसत नाही. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी, मिठाला पाणी सुटलेलं. वीज गेली की ती कधी येईल याचा अंदाज कुणी बांधत नाही. मे संपता संपता इथली माणसं घराच्या पावसाच्या अंगाला पत्रे आणि प्लास्टिक बांधतात, सुकी लाकडं आत रचून ठेवतात, तांदूळ-डाळ-पीठ भरून घेतात. आमची पहिली बेगमी शेजारच्या मावशींनी उभं राहून करून घेतली. कुठल्या भिंतीला झोड बसते, पत्रा किती खाली आणायचा, मेणबत्त्या कुठे ठेवायच्या, सगळं त्यांनी दाखवलं.

हा पाऊस बघून तुला वाटलं की इथे आपण राहू शकतो, तर तू राहू शकशील. थंडीतल्या चार दिवसांवरून मी तुला काहीच सांगू शकणार नाही.

तू विचारलंयस, गाड्या नाहीत म्हणजे नक्की कसं जगता? मुंबई सरकारच्या नोकरीतला ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात हा डोंगर चढून आला आणि त्याच्यामागे गाव वसलं, तेव्हा मोटार जगातच नव्हती. ती पुढेही वर येऊ दिली नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. नेरळहून येणारी टॅक्सी दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पुढे प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी डोक्यावर, घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर येते. गॅसचा सिलिंडर, सिमेंटची गोणी, शाळेची बाकं, लग्नाचा मंडप, सगळं. त्यामुळे खालच्यापेक्षा इथे जिन्नस महाग पडतो आणि तो महाग का हे समोर दिसतं. आमचं सामान आलं त्या दिवशी पुस्तकांचे खोके उचलणाऱ्या हमालाने मला विचारलं, "काका, ही सगळी पुन्हा वाचणार का?" त्याने अगदी मनापासून विचारलं होतं. मी तिथेच तीन खोके करसनदास मुळजी वाचनालयाला द्यायचे ठरवले. नगरपरिषदेचं जुनं वाचनालय आहे, तुला आवडेल.

इथे आल्यापासून काही मागवताना मला आधी उचलणारा माणूस दिसतो. सवय नसते आपल्याला याची. डोंबिवलीत लिफ्ट होती, डिलिव्हरीवाला दारात पिशवी ठेवून जायचा आणि त्याचा चेहराही आठवत नसे. इथे सिलिंडर आणणाऱ्याच्या मुलीचा दहावीचा निकाल मला ठाऊक आहे. भाजी घेऊन येणाऱ्या ठाकर बायका पायथ्याच्या वाड्यांतून टोपली डोक्यावर घेऊन डोंगर चढतात. वन ट्री हिलच्या अंगाने शिवाजी शिडी म्हणून वाट आंबेवाडीकडे उतरते, ती तू एकदा वरून नुसती बघ. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं, मग रानभाज्या, पहिल्या पावसाला शेवळं, मागून टाकळा, कुर्डू. तुझी वहिनी सांगलीची, तिने शेवळं कधी पाहिलीही नव्हती. घसा खाजू नये म्हणून त्यात काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, घालायची, हे तिला एका ठाकर बाईने आमच्या ओट्यावर बसून शिकवलं. आता ती दर जूनमध्ये त्या बाईची वाट बघते. टोपलीतल्या भाजीच्या भावाची घासाघीस आमच्या घरात कुणी करत नाही, हा नियम तिने केलाय.

आता त्या बातमीबद्दल. तू कात्रण पाठवलंस ते बरं केलंस, पण ती आम्हाला त्याच दिवशी कळली होती. ६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढत न्यायचं हे स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी चालू राहतं, हे संविधानाने दिलेल्या वचनाशी विसंगत आहे, असं न्यायालयाने म्हटलं, आणि ई-रिक्षा याच ओढणाऱ्यांना मिळण्याची योजना करायला सांगितली. मित्रा, मला रडू आलं. तू आला होतास तेव्हा लहान होतो आपण, मजा वाटली होती. रोज बघितलं की वाटत नाही. चढाला एक जण पुढून ओढतो, एक-दोघे मागून रेटतात. पावसात तांबड्या चिखलात पाय रुततात. त्यात पन्नाशी ओलांडलेले लोक आहेत, म्हणजे आपल्याच वयाचे. इथल्याच एका निवृत्त शिक्षकांनी या लोकांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात पाठपुरावा केला. अशा माणसाच्या गावात आपण राहतो याचा मला अभिमान आहे.

गावात याबद्दल एकमत नाही, हेही तुला कळायला हवं. घोडेवाल्यांना भीती वाटते की ई-रिक्षा वाढल्या की त्यांच्या पोटावर पाय येईल. ती भीती खोटी नाही, घोड्याला पावसाळाभरही खायला घालावं लागतं. काहींना वाटतं, आज ई-रिक्षा आल्या, उद्या मोटारी येतील. मोटार येऊ नये हे मलाही तितकंच वाटतं, पण माझं मत ठाम आहे: शाळेतली मुलं, म्हातारी माणसं, बाळंतीण बाई यांच्यासाठी मोजक्या ई-रिक्षा हव्यातच, आणि त्यांचा पहिला हक्क ज्यांनी आयुष्यभर ओढलं त्यांचा. गेला महिनाभर दुपारी मी या ओढणाऱ्यांचे कागद जुळवायच्या कामात आहे. ओळखपत्र, परवाना, बँकेचं पासबुक, आधारवरचं नाव आणि परवान्यावरचं नाव वेगळं असणं. बँकेत तीस वर्षं मी हे कागद काउंटरच्या आतून बघितले. आता बाहेरच्या बाजूला, त्यांच्या शेजारी बसून बघतोय. एक जण कागद मेणकापडात गुंडाळून बंडीच्या आत ठेवून आणतो. माझं बँकेतलं शिक्षण या माणसासाठीच झालं असावं, असं मला खरोखर वाटतं.

आणि म्हणूनच मी तुला सांगतो, की साठी उलटून निवृत्त झाल्यावर निवांतपणे येऊ असं म्हणू नकोस. तुझी चार वर्षं नोकरी उरलीय हे मला माहीत आहे. पेन्शनचा हिशोब तू माझ्यापेक्षा चांगला करशील. पण शांतता हवी म्हणून डोंगरावर जाणाऱ्या लोकांना मी इथे बघतो. बंगल्याचं फाटक लावून घेतात, दोन पावसाळे काढतात आणि खाली जातात. शांतता पहिल्या आठवड्यात पुरते. नंतर माणसं लागतात, आणि आपण त्यांच्या कामी आलो तरच ती आपल्या घरी येतात. त्यासाठी हातपाय धड असताना यायला हवं. छपन्नाव्या वर्षी मी नोकरी सोडली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी घाई झाली म्हटलंत. मला आज ती वेळ अगदी योग्य वाटते.

या गावाला स्वतःचा इतिहास आहे, तोही इथे राहिल्यावर कळतो. पर्यटक लुईझा, अलेक्झांडर, शार्लोट ही पॉइंटांची आणि तलावाची नावं घेऊन जातात. गावकरी भाई कोतवालांचं नाव घेतात. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल इथलेच, १ डिसेंबर १९१२ चा जन्म, नाभिक समाजातले. वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर इंग्रजांच्या पोलिसांनी त्यांना गोळ्या घातल्या. हिराजी पाटीलही त्यांच्याबरोबर गेले. तीस वर्षांचा माणूस! मी कर्जत लोकलच्या खिडकीतून आयुष्यभर हा डोंगर बघितला आणि नोकरीतली सगळी वर्षं मला भाई कोतवाल हे एका रस्त्याचं नाव वाटत होतं.

वहिनींनी दवाखान्याचं विचारलंय. त्यांना हे वाचून दाखव. नगरपरिषदेचं बी. जे. हॉस्पिटल आहे. ताप, जखम, रक्तदाब, विंचू एवढ्याला पुरतं. त्यापलीकडचं सगळं खाली. अँब्युलन्सला गाडीबंदीतून सूट आहे. मागच्या वर्षी जुलैत रात्री तुझ्या वहिनीच्या छातीत कळ आली. शेजारचे दोघे पावसात धावत गेले, अँब्युलन्स आणली. धुक्यातून घाट उतरताना ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड बघत होता. निदान झालं पित्ताशयातल्या खड्यांचं आणि ऑपरेशन डोंबिवलीत करून आलो. त्या रात्री हृदयच असतं, तर काय झालं असतं ते मी तुला सांगायला नको. म्हणून स्पष्ट लिहितो: तुझी शुगर आटोक्यात असेल तर ये. पण त्या तपासणीत डॉक्टरांनी हृदयाबद्दल शंका काढली होती, ती पूर्ण फिटल्याशिवाय जागा विकू नकोस. माझा लोभ तुझ्या येण्यात आहे, तरी हे सांगतो. वहिनींच्या गुडघ्यांचं मात्र मला भय वाटत नाही. इथे सपाटीवर जांभ्याच्या वाटांनी, झाडांखालून चालणं होतं. आमच्या हिच्या गुडघ्यांची कुरकुर कमी झाली आहे.

घर विकत घ्यायच्या फंदात पडू नकोस. इथले प्लॉट सरकारी भाडेपट्ट्याचे, बांधकामावर कडक निर्बंध, कागदपत्रं जुनी आणि वारसांची नावं लांबलचक. आम्ही एका जुन्या बंगल्याच्या मागच्या तीन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत, व्हरांडा मोठा आहे आणि तो पुरतो. तशाच दोन खोल्या बाजारापलीकडे रिकाम्या होणार आहेत, मालक माझ्या ओळखीचे. डोंबिवलीची जागा भाड्याने दे, विकू नको. निदान दोन पावसाळे तरी.

शनिवार-रविवारच्या गर्दीचा त्रास होतो, मे महिन्यात तांबडी धूळ आणि घोड्यांची लीद नाकात बसते, पाणी मोजून येतं. माकडांपासून स्वयंपाकघर सांभाळावं लागतं. हेही लिहून ठेवतो, नंतर सांगितलं नाहीस म्हणशील.

तर असं कर. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळची कर्जत लोकल पकड, नेरळला उतर. स्टेशनबाहेर दस्तुरीच्या शेअर टॅक्सी असतात. दस्तुरीवर प्रवेशकर भरावा लागेल. आता माझ्या आधारवर इथला पत्ता आहे म्हणून मला पडत नाही. पुढे अमन लॉजहून शटल गाडी मिळाली तर बस, नाहीतर रुळांच्या कडेने चालत ये, मी अर्ध्या वाटेवर घ्यायला येतो. छत्री इथे टिकत नाही, रेनकोट आणा. रबरी तळाचे बूट आणा, चामड्याचे नकोत. सामान एका माणसाला उचलेल इतकंच असू दे. आणि फडके रोडवरून तुझ्या वहिनीला हवी तशी बारीक दळलेली भाजणी दोन किलो आण, तिने तीनदा आठवण केली आहे.

तारीख कळव म्हणजे खोल्यांच्या मालकांना थांबायला सांगतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मी