डॉक्टर, सुयांबद्दल पेशंटला विचारा तरी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी आई ७२ वर्षांची. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने ती रोज रक्त पातळ करणारी गोळी घेते. गेल्या वर्षी कंबरदुखीने बेजार झाली तेव्हा तिने आमच्या डॉक्टरांना विचारले, "ॲक्युपंक्चर करून बघू का?" डॉक्टर हसले. "आजी, त्या भानगडीत पडू नका," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. आई मग शेजारच्या काकूंबरोबर गुपचूप सुया टोचून घ्यायला जाऊ लागली. तिथेही कोणी गोळ्यांची चौकशी केली नाही. तिसऱ्या खेपेला कमरेवर तळहाताएवढे काळेनिळे झाले, तेव्हा आम्हाला कळले.

डॉक्टर नाही म्हणाले याचा राग नाही. का नाही, ते सांगितले नाही, याचा आहे. सांगण्यासारखे खूप होते. कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर जर्मनीत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर सुया टोचून, ४७.६ टक्के लोकांना गुण आला, भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्या ४४.२ टक्के लोकांना आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के लोकांना. म्हणजे ठरावीक बिंदूंचे महत्त्व सिद्ध झाले नाही, पण माणसांना बरे वाटले हेही खरे. कोणते उपचार द्यावेत याच्या सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटले, तर २०२१ मध्ये स्पष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी त्याचा विचार करता येईल असे सांगितले. पेशंटला हे समजते हो, समजावणारा हवा.

आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेले डॉ. बिजोयकुमार बसू पुढे तिथेच ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात आणले. ते ॲलोपॅथीचेच डॉक्टर होते.

आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, केंद्रानेही २०१९ मध्ये मान्यता दिली. मान्यता म्हणजे गुणाची हमी नव्हे, पण पेशंट तिकडे जाणारच. म्हणून डॉक्टरांच्या संघटनांनी या विषयावर आपल्या सभासदांसाठी एखादे व्याख्यान ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरने "आणखी कुठे उपचार चालू आहेत का?" एवढे न रागावता विचारावे. सुया टोचणाऱ्यांनीही पहिल्याच दिवशी चालू गोळ्यांची चिठ्ठी मागून घ्यावी.

– एक वाचक, सोलापूर