‘काकू, माझ्याकडून झालं नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

सोमवारच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ह्यांच्या हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकललं जातं ते) २५ वरून ३८ टक्के आलं. तुम्हीच सांगितलंत, पण तिथे माझा गळा दाटून आला आणि बोलायचं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण इंदुरात आणि बाहेरही ह्यांच्यासारखी माणसं अजून उशांना टेकून रात्री काढत असतील.

गेल्या दिवाळीनंतर ह्यांना आडवं पडताच येईना. तीन उशा रचायच्या, भिंतीला पाठ लावायची, पहाटे कुठे डोळा लागायचा. संध्याकाळी मोजे काढले की पायावर इलॅस्टिकचा वळ, बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राही. औषधं तीन महिने नेमानं घेतली, तरी पंपिंग २५ वरच अडकलेलं.

तेव्हा तुम्ही मला विचारलंत, “काकू, शाळेत लेझीम बसवली असेल ना?” एकतीस वर्षं बसवली, म्हटलं. तुम्ही ईसीजीच्या कागदामागे पेनानं एक रांग काढलीत. अर्धी रांग वेळेवर वाजवते, अर्धी एक ठोका मागे. ह्यांच्या हृदयात डावीकडे जाणारी विजेची वाट बंद पडली होती. संदेश उजवीकडून स्नायूतून झिरपत डावीकडे पोहोचायचा, त्यामुळे मधली भिंत आधी आकसायची आणि डावी बाजू मागून यायची. १२० मिलिसेकंदांच्या आत उरकायच्या कामाला ह्यांना १६८ लागत होते. दोन्ही बाजूंना एकदम इशारा देणारा तीन तारांचा पेसमेकर, म्हणजे सीआरटी, बसवायचा असं ठरलं.

तो दिवस मी विसरणार नाही. उजव्या बाजूच्या दोन तारा बसल्या. तिसरी हृदयामागच्या शिरेतून डाव्या बाजूवर न्यायची होती. आम्ही बाहेर बाकावर बसलेलो, घड्याळ पुढे सरकतंय, आतून कोणी येत नाही. अडीच तासांनी तुम्ही आलात. टोपी हातात, कपाळावर तिचा वळ. माझ्या शेजारी बसलात आणि म्हणालात, “काकू, माझ्याकडून झालं नाही.” हवी ती शीर फार बारीक निघाली. दुसरीत तार टिकली, पण पेसिंग सुरू केलं की शेजारची नस चाळवून प्रत्येक ठोक्याला पोटाचा पडदा उडायचा, उचकीसारखा. आणखी जोर केला असता तर शिरेला इजा झाली असती. म्हणून तुम्ही थांबलात. तिसऱ्या तारेची जागा पेसमेकरमध्ये बंद करून ठेवलीत आणि ती तार छातीतून, हृदयावर बाहेरून लावायला त्याच संध्याकाळी सर्जनना फोन लावलात.

मी शिक्षिका होते. भरल्या वर्गात ‘हे मला येत नाही’ म्हणायला काय लागतं, ते मला ठाऊक आहे. नातेवाइकांनी आम्हाला पुष्कळ ऐकवलं: मुंबईला न्यायला हवं होतं, आता छाती उघडणार! त्या रात्री मीही घाबरले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगितलंत की ही वाट नवी नाही. १९९४ साली फ्रान्समध्ये हा उपचार पहिल्यांदा झाला, तेव्हा डावीकडची तार छातीतूनच लावली होती. शिरेची वाट त्यानंतर रुळली. ते ऐकलं आणि मला जरा धीर आला.

बारा दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. डाव्या बाजूला फासळ्यांमधून बोटभर लांबीचा छेद. भूल देऊन डाव्या फुप्फुसातली हवा काढून ते तेवढ्यापुरतं मिटवलं, हृदयावरचं आवरण उघडलं आणि पडद्याची नस सांभाळत डाव्या भिंतीवर तार टाचली. एक नाही, दोन. दुसरी टोपण लावून राखीव ठेवली आहे. पहिली कधी दगा देईल तर पुन्हा छाती उघडायला नको. मग तार कातडीखालून गळ्याच्या हाडाखालच्या पेसमेकरपर्यंत आणली. हे सगळं सर्जननी मला कागदावर काढून दाखवलं, त्यांचेही आभार. पण त्या दिवशी तुमची सुट्टी होती, हे मला नर्सताईंकडून कळलं. तरी तुम्ही आत मशीन घेऊन उभे होतात, कुठल्या जागी ठोका सर्वांत उशिरा पोहोचतो ते प्रत्येक ठिकाणी तपासून सांगत होतात. तुमच्या हातून न झालेलं काम दुसऱ्याच्या हातून नीट व्हावं म्हणून तुम्ही तिथे होतात. त्याबद्दल काय लिहू?

नंतरचे चार दिवस कठीण गेले. छातीत ठेवलेली नळी दोन दिवसांनी निघाली, पण फासळ्या दुखायच्या. तीन चेंडूंच्या नळीत श्वास ओढताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिसरा चेंडू पहिल्यांदा वर गेला तेव्हा पलंगाशी तुम्हीही होतात. त्या दिवशीच्या ईसीजीवर १६८ मिलिसेकंदांचे १३२ झाले होते. तो कागद मी जपून ठेवला आहे, लेझमीच्या रांगेशेजारी.

परवा गणपतीच्या आरतीला ह्यांनी उभं राहून टाळ वाजवले, शेवटच्या मंत्रपुष्पांजलीपर्यंत. रात्री एका उशीवर झोपतात. बाकीच्या दोन मी उन्हात घालून माळ्यावर टाकल्या.

पुढच्या तपासणीला येताना लिफ्ट नको, असं आत्तापासून म्हणताहेत. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहाल का?

आपली कृतज्ञ,
लोकमान्य नगरच्या काकू