तुम्ही हात मागे बांधून बसलात, त्याबद्दल

आदरणीय ताई,

माझा जुना लॅपटॉप मार्गी लावल्याबद्दल समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही 'अहो, दोन-चार स्क्रूंचं तर काम' म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. इथे तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही.

मी तुमच्याकडे आलो होतो ते नवा लॅपटॉप कोणता घेऊ हे विचारायला. जुना टाकायचा हे माझं ठरलेलंच होतं. घरी बसून मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला काय लागतं? एक मोठी पीडीएफ, एक वर्डची फाइल, शब्दकोशासाठी ब्राउझर. एवढ्यावरही तो बिचारा गुदमरायचा. सकाळी बटण दाबून मी दाढी उरकून यायचो, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. तुम्ही मात्र नव्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. 'हा का अडतोय ते पाहिलंत का?' एवढंच विचारलंत. चार वर्षं मी त्याला शिव्या घातल्या होत्या, पण पाहिलं मात्र नव्हतं.

मग तुम्ही मला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला लावलंत आणि माझी रोजची कामं उघडायला सांगितलीत. कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. त्यात प्रोसेसर निवांत होता, वीस टक्क्यांच्या आसपास. मेमरी नव्वदच्या पुढे आणि डिस्क सतत शंभर टक्के. माझा सगळा राग इतके दिवस त्या प्रोसेसरवर होता!

त्यानंतर तुम्ही कागदावर जो हिशेब मांडलात तो मी जपून ठेवला आहे. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क, म्हणजे सेकंदाला ९० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय हेड सरकायला लागणारा वेळ वेगळा. अशा विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला जेमतेम पन्नास-शंभर तुकडे वाचून होतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे तिथे हाच आकडा हजारोंत जातो. त्यात माझी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, फक्त ४ जीबी. ती भरली की विंडोज त्यातली न लागणारी पानं पेज फाइलमध्ये, म्हणजे त्याच संथ डिस्कवर नेऊन ठेवणार आणि लागली की तिथूनच परत आणणार. 'पानं' हा तुमचा शब्द ऐकून मला एकदम उमगलं. दर ओळीला ग्रंथालयात जाऊन एकेक पान आणायचं आणि मागचं परत करायचं, अशा पद्धतीने मी कधी प्रूफ वाचलं असतं का?

खरेदीच्या बाबतीत मी तीनदा चुकणार होतो, तीनही वेळा तुम्ही अडवलंत.

पहिली चूक, भाच्याच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेली रॅमची पट्टी मी खिशात घालून आणली होती. 'दिसायला तर सारखीच आहे' हे माझं म्हणणं. ती डीडीआर३, २०४ पिनांची. माझ्या लॅपटॉपला डीडीआर४ हवी, २६० पिनांची. मधली खाच वेगळ्या जागी, व्होल्टेजही वेगळं. खाच वेगळी ठेवतात ती माझ्यासारख्यांसाठीच, हे तुम्ही हसू दाबत सांगितलंत.

दुसरी चूक आकड्याच्या मोहाची. सेकंदाला ३५०० एमबीवाली, एनव्हीएमई नावाच्या वेगवान प्रकारची एसएसडी मी जवळजवळ मागवलीच होती. तुम्ही आधी झाकण उघडून पाहायला लावलंत. मदरबोर्डवर एम.२ ची, म्हणजे तसली एसएसडी बसवायची, जागा आखलेली होती, स्क्रूचं भोकही होतं, पण कनेक्टरच जोडलेला नव्हता! महागड्या मॉडेलसाठी केलेला बोर्ड स्वस्तात वापरताना तेवढा वगळलेला. (हे कळल्यापासून मी प्रत्येक जाहिरातीकडे संशयाने बघतो.) तेव्हा हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा प्रकारची एसएसडी ठरली. तिचा वेग ५५० च्या आसपासच असतो म्हणून मी हिरमुसलो होतो. तुम्ही म्हणालात, 'तुमच्या कामात फरक ५५० आणि ३५०० मधला जाणवणार नाही, थांबणं आणि न थांबणं यातला जाणवेल.' तसंच झालं.

तिसरी चूक म्हणजे १६ जीबीची हाव. ४ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली, मोकळा स्लॉट एकच. त्यात ८ ची पट्टी घातली की १२ होतात आणि माझ्या कामाला तेवढी पुरून उरते. नवी पट्टी ३२०० च्या वेगाची, आधीची रॅम २६६६ ची. दोन्ही २६६६ नेच चालणार, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. नाहीतर मी दुकानदाराशी भांडायला गेलो असतो.

बॅकअप आणि बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घेण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली म्हणून मी कुरकुरलो होतो. ती कुरकुर मी जाहीरपणे मागे घेतो. जुन्या डिस्कचं क्लोनिंग, म्हणजे नव्या एसएसडीवर जशीच्या तशी नक्कल, रात्रभर चाललं. सकाळी ५१२ जीबीच्या डिस्कवर ४७६ जीबी दिसले तेव्हा आपण फसलो असंच मला वाटलं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, हे तुम्हाला फोनवर दोनदा समजावावं लागलं.

प्रत्यक्ष काम तुम्ही दहा मिनिटांत उरकलं असतं. तरी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिलात आणि स्वतः हात मागे बांधून बसलात. रबरी पट्टीखाली लपलेले दोन स्क्रू मला सापडेपर्यंत गप्प राहिलात. झाकणाच्या खटक्यांचा पहिला 'कट्' आवाज झाला तेव्हा माझा जीव गेला, तुम्ही मात्र ढिम्म. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवायला सांगितलंत, कारण लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर वरच्या बाजूने उचकून बाहेर येतो. सगळ्यात आधी धातूला हात लावणं, मग बॅटरीचा कनेक्टर सोडवणं आणि नंतर पॉवरचं बटण काही क्षण दाबून धरणं. हा क्रम आता मला झोपेतही म्हणता येईल.

आणि तो काळा पडदा. सगळं जोडून बटण दाबलं, दिवा लागला, पुढे काहीच नाही. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही खिडकीबाहेर. 'पट्टीची सोनेरी कड अजून दिसतेय का?' एवढाच प्रश्न. दिसत होती. पुन्हा बॅटरी सोडवली, पट्टी तिरकी धरून पार आत सरकवली, खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी तिला पकडलं. तरीही पडदा काळाच. 'नवी मेमरी ओळखायला पहिल्यांदा वेळ घेतो, थांबा,' म्हणालात. अर्धं मिनिटही नसेल, पण मला ते फार मोठं वाटलं.

आता तो वीस सेकंदांच्या आत तयार होतो. दाढी नंतर करावी लागते. प्रोसेसर जुनाच आहे, त्यामुळे व्हिडिओचं काम त्याच्या आवाक्याबाहेरच आहे, आणि उन्हात पडदा पूर्वीइतकाच मिणमिणता दिसतो. याचीही कल्पना तुम्ही दिली होतीत.

जुनी डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत घालून दर रविवारी तिच्यावर बॅकअप घेतो. हार्ड डिस्क बिघडताना निदान खडखडते, एसएसडी पुष्कळदा काही न बोलता जाते, हे तुमचं वाक्य डबीवर चिकटवून ठेवलं आहे.

गेल्या आठवड्यात एक ओळखीचे गृहस्थ त्यांचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडेच आले. माझी कीर्ती पसरली आहे! मीही हात मागे बांधून त्यांना टास्क मॅनेजर उघडायला लावला. झाकण काढलं तर रॅम सगळी सोल्डर केलेली, साठवणही बोर्डावरच बसवलेली ६४ जीबीची ईएमएमसी. बदलण्यासारखं काहीच नव्हतं. 'यात खर्च करू नका' हे तोंडावर सांगायला मात्र मला तुमच्यासारखं जमलं नाही. शेवटी तुमच्या घराची बेल कुठली ते दाखवलं. आले असतील तर माफ करा, आणि त्यांच्यासाठीही आभार.

तुमचा,
समोरच्या दारातला मुद्रितशोधक